दोन आटे खाली

खालीभाऊंना उंच गाडी बघवत नाही. बघवत नाही म्हणजे अगदी जीव कासावीस होतो. नवीकोरी गाडी समोरून गेली की आपण रंग बघतो, नंबर बघतो, आत कोण बसलंय ते बघतो. खालीभाऊ चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघतात आणि म्हणतात, "एवढी जागा कशाला रिकामी ठेवलीय? भाड्याने द्यायचीय का?" स्वतः मात्र सहा फूट दोन इंच. स्वतःच्या शेडमध्ये शिरतानासुद्धा मान तुकवावी लागते. असा ताडमाड माणूस आयुष्यभर गाड्या बुटक्या करत आला, म्हणून गल्लीने त्यांचं नाव खालीभाऊ ठेवलं आणि ते चिकटलं.

पण ही गोष्ट त्यांची नाही. मध्ये मध्ये तोंड घातल्याशिवाय त्यांना राहवत नाही, म्हणून आधीच आणून बसवलं, इतकंच. गोष्ट आहे त्यांच्या बायकोची, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. एकच पत्र्याची शेड. उजवीकडे नवऱ्याचा खड्डा, जॅक, भिंतीला टांगलेल्या स्प्रिंगा. डावीकडे वहिनींचे साचे, रेझिनचे डबे, काचतंतूंच्या गुंडाळ्या आणि एक टेबलफॅन, ज्याला त्या सोडून कुणी हात लावायचा नाही. नवरा गाडी खाली आणतो, बायको तिला नाकीडोळी नीटस करते.

वहिनी बॉडी किट बनवतात. पुढच्या बंपरखाली जी पातळ पट्टी जमिनीला टेकू की नको करत असते ती लिप. मागे डिकीवर उभा राहतो तो स्पॉयलर. तो म्हणे गाडी भरधाव सुटली की तिला रस्त्यावर दाबून धरतो. आता खरं सांगायचं तर आमच्याकडच्या या खाली केलेल्या गाड्या खड्ड्यांच्या धाकाने ताशी तिसाच्या वर जात नाहीत, आणि त्यांच्या स्पॉयलरवर वाऱ्यापेक्षा कबुतरंच जास्त बसतात. पण हौसेला मोल नसतं. लिप नसलेली खाली गाडी म्हणजे नटूनथटून अनवाणी निघालेली नवरी, असं वहिनींचं म्हणणं, आणि ते मला तरी पटतं.

सकाळी काम सुरू करण्याआधी वहिनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत पावडर चोळतात. फायबरची कुसळं कातडीत शिरली की माणूस आठवडाभर खाजवत बसतो, त्यावर हाच उतारा. मग साच्याला मेण, मेणावर रेझिन, रेझिनवर काचतंतूंची चटई, पुन्हा रेझिन, रोलरने बुडबुडे काढायचे, पुन्हा चटई. सुकलं की पॉलिशपेपर. आणि शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळा फसतो, हात फसत नाही. नखाच्या जाडीइतका उंचवटा असला तरी वहिनींचा हात तिथे थांबतो, आणि ग्राहक कितीही घाईला आलेला असो, तुकडा पुन्हा पेपराखाली जातो.

असे हात, आणि तरी वहिनींच्या मनाला एक सल होता. बावीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी लिपा केल्या, पण त्यांतली एकही त्यांची नव्हती. सगळ्या नकला. कुणी तरी तुटकी लिप घेऊन यायचं, वहिनी तिच्यावरून साचा काढायच्या, दोन दिवसांत जुळी बहीण तयार. या धंद्यात सगळे हेच करतात, कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कुणाला रागावत नाही. ज्यांच्या लिपांच्या नकला होत, ते बहुतेक वेळा एकच गृहस्थ असत. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं कामाचं ठिकाण. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांनी कागदावर रेघ ओढावी आणि वर्षभराने ती रेघ निम्म्या शहराच्या गाड्यांच्या हनुवटीखाली दिसावी, असा त्यांचा दबदबा. वहिनी त्यांच्याशी आयुष्यात एक शब्द बोलल्या नव्हत्या. काय बोलणार? चोराने घरमालकाला रामराम कशाला घालायचा?

वर्षातून एकदा जुन्या विमानपट्टीवर खाली गाड्यांचा मेळावा भरतो. तिथे एक परीक्षा असते आणि तिच्यापायी माणसं वर्षभर झुरतात. सिमेंटच्या पट्टीवर शीतपेयाचा रिकामा कॅन आडवा ठेवतात. गाडी त्याच्यावरून न्यायची. लिपने कॅनला ढकललं पाहिजे, म्हणजे गाडी तेवढी खाली आहे असं ठरलं. पण लगेच पुढे लाकडी फळ्यांचा चढ असतो, आणि तो चढताना लिप खरवडल्याचा आवाज आला की बाद. खाली बसणं कुणालाही जमतं हो, खाली बसून चालता आलं पाहिजे. लबाडी नको म्हणून परीक्षक स्वतः गाडीत शेजारी बसतो. कॅनला दोनदा प्रयत्न करता येतो, चढाला एकदाच.

जी गाडी पार होते, तिची लिप घडवणाऱ्याचं नाव दारातल्या मोठ्या फळ्यावर रंगवतात. कायमचं. अट एकच, आकार स्वतःचा हवा. त्या फळ्यावर मास्तरांचं नाव सात वेळा आहे. वहिनी दरवर्षी नवऱ्याबरोबर जायच्या, फळ्यासमोर एक मिनिट उभ्या राहायच्या आणि "ऊन फार आहे" म्हणून सावलीला जाऊन बसायच्या.

मग यंदा दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

चाळिशीच्या, बारीक चणीच्या, दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून उरलेला वेळ एका तीस वर्षं जुन्या डबडा गाडीवर उधळणाऱ्या. गाडी वडिलांची. खालीभाऊंनी ती अशी खाली आणली होती की खालून मांजर गेलं तर पाठ चोळत बाहेर येईल. बाईंना आता लिप हवी होती.

"या गाडीची लिप कुणी केलेलीच नाही," वहिनी म्हणाल्या. "मास्तरांनीसुद्धा नाही. कशावरून काढू?"

"तुम्हीच करा की."

"मी बघून करते, बाई. बघायला काही तरी लागतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "माझ्याकडे रोज लोक येतात, दात पडलेले. पडलेला दात कुठे असतो बघायला? शेजारचे दात बघायचे. तेच सांगतात मधला कसा होता."

एवढं बोलून बाई गेल्या. झालं! वहिनींच्या डोक्यात किडा शिरला. दोन दिवस त्या गाडीभोवती नुसत्या फिरत होत्या. दिव्यांची खालची कड कशी उतरते, बॉनेटचा कणा कुठे विरतो, चाकावरची कमान कुठून उठते, हे हाताने चाचपत होत्या. ग्राहक हाक मारायचे, त्यांना ऐकू जायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्या एकदम ओरडल्या, "अहो! हिची सगळी वळणं कोपऱ्यात येऊन थांबतात! मधे काही नकोच आहे!" खालीभाऊ खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाले, "कुणाची वळणं?" पण उत्तर द्यायला वहिनी जागेवर होत्या कुठे? त्या फोमचा ठोकळा आणायला पळाल्या होत्या.

पुढचे सहा आठवडे शेडमध्ये कुणाची धडगत नव्हती. पहिला नमुना झाला, वहिनींनी हात फिरवला आणि उचलून बाहेर फेकला. म्हणे हा मास्तरांसारखा आलाय. दुसरा झाला, तोही फेकला. हा मास्तरांसारखा येऊ नये म्हणून केल्यासारखा आलाय. खालीभाऊ म्हणाले, "अगं, मास्तर बिचारे तिकडे उचक्या लागून बेजार झाले असतील." तिसरा नमुना झाला तेव्हा वहिनींनी डोळे मिटून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हात कुठे थांबलाच नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "जरा इकडे या हो," आणि रडायलाच लागल्या. खालीभाऊंना वाटलं रेझिन डोळ्यात गेलं. ते पाण्याची बादली घेऊन धावले.

साचा प्लॅस्टरचा केला, कारण डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातली जुनी पोती फुकट आणून दिली होती. प्लॅस्टरचा साचा एकदाच कामाला येतो. लिप सोडवताना तो फुटला, फोमचा नमुना तर साचा काढतानाच मोडला होता, आणि अख्ख्या जगात वहिनींची म्हणावी अशी एकच लिप उरली.

आता राहिली खालची कड कापणं. इथे खरी मेख होती. कड किती कापायची हे गाडी किती खाली आहे त्यावर ठरतं, आणि गाडी किती खाली आहे हे खालीभाऊंच्या हाताच्या खाजेवर ठरतं! बावीस वर्षांचा अनुभव होता. वहिनींनी मापं घ्यावीत, लिप बसवावी, सगळं जुळून यावं, आणि शेवटच्या घटकेला या माणसाने कुणाला न सांगता पाना घेऊन सस्पेन्शनची कडी दोन आटे फिरवावी. एक आटा, म्हणजे कडीचा एक फेरा, की गाडी दोन मिलिमीटर खाली. दोन आटे म्हणजे चार. दरवेळी. "बस, दोनच आटे," म्हणायचे, मूल जसं शेवटची गोळी म्हणून पुन्हा डब्यात हात घालतं तसं. म्हणून वहिनी मुळातच चार मिलिमीटर जास्त धरून कापायला शिकल्या होत्या. हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने चार आटे फिरवले असते.

या वेळी मात्र त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. "अहो, हे माझं आहे. पहिलंच. या गाडीला आता हात लावायचा नाही. शपथ घ्या."

"कुणाची?"

"तुमच्या पान्याची."

खालीभाऊंनी पान्यावर हात ठेवून शपथ घेतली. तोंड एवढंसं झालं होतं.

वहिनींनी डॉक्टरीणबाईंना गाडीत बसवलं, टाकी भरली, शेजारच्या सीटवर परीक्षकाच्या वजनाइतके रेझिनचे डबे रचले आणि माप घेतलं. मग ग्राइंडर हातात घेतला. आणि काय करणार, बावीस वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि नवऱ्याची एक शपथ दुसऱ्या बाजूला. त्यांनी सवयीने चार मिलिमीटर जास्त कापलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी विमानपट्टी फुलून गेली होती. केवढ्या गाड्या! जांभळ्या, पोपटी, एक तर चक्क पुस्तकाच्या कव्हरसारखी खाकी. कुणाचा स्पॉयलर इस्त्रीच्या टेबलाएवढा, कुणाची लिप इतकी टोकदार की पायाला लागली तर टाके पडतील. डॉक्टरीणबाईंची गाडी आत शिरली, साधी, करड्या रंगाची, आणि दारातले दोघेतिघे बोलता बोलता थांबले. एकाने वाकून बघितलं. "ही कंपनीची आहे का?" त्याने विचारलं. म्हणजे गाडी जन्मली तेव्हापासूनच लिप तिथे होती असं त्याला वाटलं. खालीभाऊंची छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण धोक्यात आलं. वहिनींनी पाठीमागून पुढे येत विचारलं, "परीक्षक कोण आहे यंदा?"

"मास्तर," तो म्हणाला.

खरंच मास्तर होते. थोराड, पांढरे केस, खिशात पेन्सिल. बाराव्या नंबरवर डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा पुकारा झाला. मास्तर गाडीत बसले, गाडी किंचित दबली, डॉक्टरीणबाईंनी आरशात बघून वहिनींना मान हलवली आणि गाडी निघाली. मुंगीच्या पावलांनी कॅनजवळ आली. लिप कॅनवर आली.

कॅन हललाच नाही! गाडी त्याच्यावरून अलगद निघून गेली. लोकांतून "अरेरे" उठलं. मास्तरांनी खिडकीतून बोट वर केलं: एक प्रयत्न संपला. पाव तासाने दुसरा.

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "असं कसं झालं? तुम्ही दोन आटे खाली घेतले होते ना?"

"मी?" खालीभाऊ ताठ झाले. "मी शपथ घेतली होती! हात लावला नाही मी. दोन दिवस घास गोड लागला नाही, पण पान्याला शिवलो नाही!"

"खरंच नाही?"

"तुझी शपथ!"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हसावं की रडावं? "अहो, तुमचे दोन आटे धरूनच कापली हो मी."

खालीभाऊंना कळायला क्षणभर लागलं. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"होता की! तुम्ही शब्द मोडणार असा पक्का विश्वास होता! बावीस वर्षांत एकदा शब्द पाळलात, तोही आजच पाळायचा होता तुम्हाला?"

डॉक्टरीणबाई गाडीतून उतरून आल्या होत्या. त्यांना सगळा प्रकार कळला आणि त्या बॉनेटला टेकून पोट धरून हसायला लागल्या. "आता?" त्यांनी विचारलं. "लिप तर वाढवता येत नाही. तेरा मिनिटं आहेत."

वहिनींनी पदर कमरेला खोचला. नवऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाल्या, "खाली घ्या."

"काय?"

"गाडी. दोन आटे खाली."

"पुन्हा म्हण."

"अहो, वेळ नाही! दोन आटे खाली घ्या म्हणते ना!"

काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. पाना खिशातच होता, बरं का. शपथ घेतलेला पाना खिशात बाळगून आलेले होते गृहस्थ! सहा फूट दोन इंच माणूस घोरपडीसारखा गाडीखाली सरपटला. जॅक लागला, डावीकडची कडी फिरली, मग उजवीकडची. मध्येच शीळ ऐकू येऊ लागली. आजूबाजूचे गाडीवाले गोळा झाले, एकाने टॉर्च धरला, एकाने फुकटचे सल्ले दिले. मिनिटभर उरलं असताना खालीभाऊ ग्रीसने माखून बाहेर आले आणि म्हणाले, "जा!"

दुसरा प्रयत्न. गाडी आली, अगदी पोट घासत चालल्यासारखी. कड कॅनला लागली. टिंग! कॅन गडगडत बाजूला गेला आणि पट्टीवर असा जल्लोष झाला की डॉक्टरीणबाईंनी दचकून ब्रेक मारला. वहिनी उड्या मारत होत्या. पन्नाशीची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि शाळेतल्या पोरीसारख्या उड्या! खालीभाऊ दोन्ही हात वर करून ओरडत होते. पलीकडे रंगाचा डबा घेऊन बसलेला, फळ्यावर नावं रंगवणारा पेंटरसुद्धा ब्रश हातात घेऊन उभा राहिला.

आता फक्त चढ होता. गाडी फळ्यांना लागली. पुढची चाकं वर चढली. नाक उचललं. अर्ध्यावर आली. आणखी एक वीत. आणि उजव्या कोपऱ्यातून आवाज आला. खर्रर्र. मग टक्‌.

मास्तर उतरले, पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. लिपच्या उजव्या कोपऱ्याचा अंगठ्याएवढा तुकडा उडून फळीवर पडला होता.

"आवाज आला," मास्तर म्हणाले. "बाद."

पेंटर खाली बसला. मास्तर लगेच हलले मात्र नाहीत. तसेच वाकून त्यांनी विचारलं, "साचा आहे का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "फुटला."

मास्तरांनी मान हलवली आणि तेराव्या नंबरच्या गाडीकडे गेले. वहिनींनी फळीवरचा तुकडा उचलून रुमालात बांधला. मग नवऱ्याला विचारलं, "किती आटे घेतलेत?"

खालीभाऊ जमिनीकडे बघत होते.

"किती हो?"

"तीन."

"दोन म्हणजे दोन असतात!"

"हात थांबला नाही गं. बावीस वर्षांत तू पहिल्यांदा स्वतः म्हणालीस. मला भानच राहिलं नाही." एवढा मोठा माणूस, पण आवाज पार बसला होता. "मी घालवलं तुझं नाव."

वहिनींचा राग मावेना. तिकडे शब्द पाळला म्हणून वांधा, इकडे मोडला म्हणून वांधा. असल्या नवऱ्याला घरी ठेवावं तर बाहेर नड, बाहेर आणावं तर ही तऱ्हा! त्या एका जुन्या टायरवर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "कोपऱ्याचा टवका आहे, वहिनी. असले मी रोज भरते." वहिनी पाणी प्यायल्या. दुःख तुटल्याचं नव्हतं. पेंटरने ब्रश परत डब्यात ठेवला ते त्यांना दिसलं होतं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि सगळी पट्टी मांडवाकडे लोटली. खालीभाऊंनी वहिनींसाठी ताट वाढून घेतलं, स्वतःच्या ताटाला हात न लावता वाट बघत बसले. वहिनी म्हणाल्या, "आलेच," आणि एकट्याच गाडीकडे गेल्या. घरी न्यायच्या आधी एकदा नीट बघून घ्यावं, एवढंच मनात होतं.

करड्या गाडीच्या पुढे कुणी तरी गुडघ्यांवर बसलं होतं. आधी फक्त पांढरे केस दिसले. जवळ गेल्यावर सगळं दिसलं. लिपवर खाकी कागद लावलेला, डाव्या अंगठ्याने कड दाबत उजव्या हाताने पेन्सिल फिरत होती, हळूहळू, जीभ दातांत धरून. नक्कल काढायची ही पहिली पायरी. वहिनींनी ती एवढ्या वेळा केली होती की त्या पेन्सिलीचा आवाज पाठीमागून आला तरी त्यांना ओळखता आला असता.

त्यांनी गाडीला हात टेकला. "मास्तर?"

मास्तर दचकले. उठायला गेले, गुडघा धरला, तसेच बसले. कान लाल झाले होते. "विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. "चुकलं माझं. साचा नाही म्हणालात, कोपरा तुटला, म्हटलं हा आकार असाच जाईल. घ्या, हा कागद तुम्हीच ठेवा."

"मी तरी कुठे विचारलं होतं तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं?"

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "तुमची नक्कल कुठली आणि माझी मूळची कुठली, मला लांबून कळायचं. माझी डावी बाजू जराशी बसकी यायची. तुमची कधी यायची नाही."

वहिनींच्या आतून असं काही उसळून आलं की हसू आणि आसू एकदमच आले. त्यांनी डोळे पुसले, पदर सावरला आणि मास्तरांच्या शेजारी सिमेंटवर गुडघे टेकले. "कागद घसरतोय तुमचा," त्या म्हणाल्या. "हे टोक मी धरते. तुम्ही चालू द्या."

मास्तरांनी पेन्सिल पुढे नेली. दोघं वाकून, एक कागद दाबतंय, एक रेघ ओढतंय. उन्हाने पाठ भाजत होती. पेन्सिल उजव्या कोपऱ्यात आली आणि थांबली. तिथे कड नव्हती, नुसता तुटका दाता होता.

"इथे कसं जातं?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी रुमालातला तुकडा काढला नाही. "द्या इकडे," म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली, डोळे क्षणभर मिटले आणि एका दमात वळण पुरं केलं. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल परत घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात गाडीचं मॉडेल लिहिलं, तारीख लिहिली. "आकार कुणाचा ते लिहितो मी नेहमी," ते म्हणाले. "काय लिहू?"

"वहिनीच लिहा," वहिनी म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात."

मास्तरांनी लिहिलं. मांडवाकडून खालीभाऊंची हाक आली, "अगं, येतेस ना? जेवण गार झालं!"

"तुम्ही सुरू करा हो!" वहिनी ओरडल्या. "आम्ही जरा कामात आहोत!"